पासिंगपुरता सायलेंसर

"पुन्हा चालू करा," मॅडम म्हणाल्या, आणि हनुमंतानं किल्ली फिरवली.

नारायणगावच्या मैदानावर आरटीओचा कॅम्प लागला होता. रांगेत ट्रॅक्टर होते, पिकअप होत्या, टोमॅटोचे क्रेट वाहून वाहून लाल डाग पडलेले टेम्पो होते. त्यांच्यामध्ये हनुमंत रोकड्यांची पांढरी ओम्नी म्हशींच्या कळपात उभ्या राहिलेल्या शेळीसारखी दिसत होती. पण किल्ली फिरली मात्र, आणि शेळीनं अशी डरकाळी फोडली की कुंपणावरचे कावळे उडाले आणि पलीकडच्या ट्रॅक्टरवाल्याच्या तळहातावरची मळलेली तंबाखू सांडली. मॅडमनी एका हातानं कान झाकला, दुसऱ्या हातानं बंद करण्याची खूण केली आणि वाकून गाडीखाली पाहिलं.

"सायलेंसर कुठंय?"

"हाय की." हनुमंतही गुडघ्यावर हात ठेवून वाकला. "त्यो काय."

"काका, तो नुसता पाइप आहे. त्याच्या मधला डबा कुठं गेला?"

हनुमंत सरळ झाला. पाटबंधारे खात्यात उभा जन्म कालव्यावर चौकीदारी करून रिटायर झालेला माणूस. सीटबेल्ट लावल्याशिवाय अंगणातूनही गाडी बाहेर काढायचा नाही, चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावरही वळताना इंडिकेटर द्यायचा. अशा माणसाला सरकारी माणसासमोर खोटं बोलणं जमत नाही, आणि खरं सांगायची लाज वाटते.

"काढून टाकला," तो म्हणाला. "वाघासाठी."

मागं रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. बिबट्याला इकडं सगळे वाघच म्हणतात, आणि जुन्नर तालुक्यात चार दिवस नोकरी केलेलं माणूस वाघ म्हटल्यावर हसत नाही.

"आमची वस्ती येडगावच्या धरणाकडंला," हनुमंत सांगू लागला. "पोरगी कॉलेजातनं यायची, फाट्यावर उतरायची. दिवस मावळायचा तवर. फाट्यापास्नं घरापतुर दोन्हीकडं ऊस. आवाज झाला की त्ये जनावर बाजूला व्हतंय, मॅडम. म्हणून केलं. दर वर्षी पीयूसी काढतो की मी. कदी कुणी बोललं न्हाई."

"पीयूसी धुराची असते, काका. आवाजाची नाही." मॅडमचा स्वर मऊ होता, पण पेन चालूच होतं. "कंपनीनं गाडी जशी दिली, तशी ती राहिली पाहिजे. सायलेंसर खराब झाला तर नवा बसवा, हरकत नाही, पण तो आवाज दाबणारा पाहिजे. डबा काढून सरळ पाइप जोडणं कायद्यात बसत नाही. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पुन्हा करायची म्हणजे मला सही करावी लागते. ह्याच्यावर मी कशी करू?"

"आन् न्हाई केली तर?"

"तर ही गाडी रस्त्यावर आणता येणार नाही." त्यांनी मान वर केली. "मुलगी आता कुठं असते?"

"जर्मनीला. हॉस्पिटलात नर्स हाय."

"मग आता कुणासाठी ठेवलाय हा आवाज?"

हनुमंताकडं याचं उत्तर होतं, पण ते आरटीओच्या कॅम्पात सांगण्यासारखं नव्हतं. तो गाडीत बसला, बेल्ट लावला, आणि सगळ्या मैदानाला कानठळ्या बसवत बाहेर पडला.

उत्तर असं होतं, की एखाद्या दिवशी लेक, प्रज्ञा, न सांगता येईल. पूर्वीसारखी एसटीतून फाट्यावर उतरेल, गेणूच्या टपरीच्या बाकावर बॅग ठेवेल, आणि कालव्याच्या वळणावरून तो आवाज आला की उठून उभी राहील. पूर्वी तसंच व्हायचं. गेणू म्हणायचा, "उठ पोरी, आला तुझा बँडबाजा." प्रज्ञा लाजायची, कधी चिडायची, मैत्रिणी हसतात म्हणून बापाशी दोन-दोन दिवस अबोला धरायची. पण गाडीत बसली की दार लावून टाकायची आणि बोलू लागायची. उसात खुरपणाऱ्या बायकाही त्या आवाजावर घड्याळ लावून होत्या. हनुमंतभाऊंची गाडी फाट्याकडं गेली की खुरपी गोळा करायची आणि ती परत यायच्या आत घर गाठायचं.

जर्मनीहून येणारी पोर एसटीनं फाट्यावर उतरत नसते, हे हनुमंतालाही कळत होतं. गेल्यापासून ती एकदाच आली होती, तीही पुण्याहून भाड्याच्या गाडीनं थेट दारात. एवढीशी सुट्टी, त्यात बँकेची कामं, आजारी मावशीची भेट, आणि गेलीसुद्धा. त्याला तिला आणायला जायला मिळालं नाही. त्याचं त्याला किती वाईट वाटलं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी डेअरीला दूध घालायच्या निमित्तानं तो रोज फाट्यावर जायचा. दूध घालून व्हायचं, तरी मंचरकडून येणारी एसटी येईपर्यंत थांबायचा. एसटी यायची, चार माणसं उतरायची, पुढं जायची. मग तो घरी यायचा. दूध घालायला एवढा वेळ का लागतो, असं त्याच्या बायकोनं, द्रौपदानं, त्याला कधी विचारलं नाही.

"बदला की मग सायलेंसर," घरी आल्यावर द्रौपदा म्हणाली. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. "त्यात काय एवढं?"

"तुला काय कळतंय?"

"मला न्हाई कळत तर न्हाई. गाडीच नसली तर काय डोक्यावर घेऊन जाणार दुधाची किटली?"

हनुमंत बाहेर ओट्यावर जाऊन बसला. भाकरी गार झाली तरी आत आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं संपतचं गॅरेज गाठलं. हायवेच्या कडेला पत्र्याची शेड, आत वेल्डिंगच्या ठिणग्या. बारा वर्षांपूर्वी डबा कापून पाइप जोडणारा हाच तो संपत. तेव्हा हनुमंतानं त्याला खालच्या आवाजात कारण सांगितलं होतं, आणि संपतनं मजुरी घ्यायला नकार दिला होता. त्याच्या मेव्हणीच्या वासरावर त्याच आठवड्यात वाघाची झडप पडली होती.

"भाऊ, तुमी लई बारक्या गोष्टीला घाबरताय," सगळं ऐकून संपत म्हणाला. "माझ्याकडं कंपनीचा सायलेंसर पडलाय, चांगला. पासिंगपुरता बसवू. गाडी पास झाली की आणा इकडं. त्यो काढू आन् तुमचा पाइप परत जोडून देतो. अर्ध्या तासाचं काम."

"असं करत्यात?"

"सगळीच करत्यात राव. बुलेटवाली पोरं तर सायलेंसर भाड्यानं नेत्यात माझ्याकडनं." संपतनं इकडंतिकडं पाहिलं. "आता नाक्यावर लई धरपकड चाललीय, ती गोष्ट येगळी. परवा पोलिसांनी पोरांचे सायलेंसर वळीनं रस्त्यावर मांडले आन् वरनं रोलर फिरवला. माझ्या हातची कलाकुसर व्हती, भाऊ, डोळ्यांत पाणी आलं. पण तुमच्या म्हाताऱ्या ओम्नीकडं कोण बघतंय?"

हनुमंताला हे पटलं नाही. पण पाइप जायचा नाही, एवढंच त्यानं ऐकलं, आणि त्याला हायसं वाटलं. सरकारची फसवणूक करायची त्याची ही पहिलीच खेप होती. घरी जाताना तो इतका सांभाळून गेला, जणू गाडीत चोरीचा माल भरला होता.

पुढच्या कॅम्पच्या दिवशी त्यानं सकाळीच संपतकडून सायलेंसर बसवून घेतला. द्रौपदा बरोबर होती. तिला बाजारात दुकानदार पुखराजशेठकडून नातेवाइकांच्या लग्नासाठी लुगडं घ्यायचं होतं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडंही जायचं होतं. ती दोन्ही कामं उरकेपर्यंत कॅम्पात ओम्नीचा नंबर लागला. त्याच मॅडम होत्या. त्यांनी गाडी चालू करायला लावली, खाली वाकल्या, पुन्हा सरळ झाल्या.

"आता कसं," त्या म्हणाल्या. सही करताना त्यांनी हनुमंताकडं एकदा पाहिलं. "काका, काढू नका हां परत."

"न्हाई," हनुमंत म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तिथून तो थेट गॅरेजला गेला. शेडला कुलूप. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, संपत सासुरवाडीला गेलाय, सासरा ॲडमिट आहे, उद्या या. हनुमंतानं शेडच्या फटीतून आत डोकावून पाहिलं. त्याचा पाइप भिंतीला टांगलेला दिसला. त्याचा जीव भांड्यात पडला. एक दिवसाचाच तर प्रश्न होता.

ते येडगावच्या रस्त्याला लागले तेव्हा उन्हं कलली होती. द्रौपदा सवयीनं डोक्यावरचा पदर कानांवरून घट्ट ओढून पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर लुगड्याची पिशवी. गाडी चालतच नाही, नुसती घरंगळते आहे, असं हनुमंताला वाटत होतं. त्याला इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. मागचं दार खुळखुळतं हे बारा वर्षांत त्याला ठाऊकच नव्हतं. द्रौपदाच्या बांगड्या ऐकू आल्या. उद्या सकाळी सकाळीच जायचं आणि पाइप जोडून आणायचा, त्यानं मनाशी ठरवलं.

कालव्याचा पूल ओलांडला आणि दोन्हीकडून ऊस सुरू झाला.

"औंदाबी दिवाळीला न्हाई यायची ती," द्रौपदा म्हणाली.

"का न्हाई यायची?"

द्रौपदा दचकली. इतकी, की पिशवी मांडीवरून घसरली.

"तुमाला आयकू आलं?"

"न यायला काय झालं? शेजारीच तर बसलीस." हनुमंताला तिचा चेहरा बघून हसू आलं. "आन् एकटीच बडबडती व्हय गाडीत?"

"नेहमीच बडबडती." द्रौपदानं पदर कानांवरून मागं सारला. पकडल्यासारखी ती ओशाळली होती. "घरात जे बोलता येत न्हाई, त्ये हितं बोलायची मी. तुमच्या शेजारी बसून तुमाला शिव्याबी दिल्यात. तुमी मान हलवायचा."

"मी?"

"हलवायचा की. कुणीबी बोललं की तुमी रस्त्याकडं बघून मान हलवता. हं, हं."

ते खरं होतं. पाइप लागल्यापासून गाडीत त्याला कुणाचंच काही ऐकू आलं नव्हतं. प्रज्ञा शेजारी बसून बोलायची, तेव्हाही नाही. पहिले काही दिवस तो "काय?" म्हणून ओरडायचा, तीही ओरडून सांगायची. मग दोघांनी ते सोडून दिलं. डोळे उसावर ठेवून तो कडेनं तिच्याकडं बघायचा. ओठ हलताहेत, हात हलताहेत, मधेच हसते आहे. लेक आपल्याजवळ बसून काहीबाही सांगते आहे, यातच त्याला सगळं मिळायचं. तिचा हिरमोड नको म्हणून तो मान हलवायचा. अख्ख्या दिवसात त्याला त्या वेळेइतकं सुख कशाचंच नव्हतं.

"प्रज्ञा काय बोलायची?" त्यानं विचारलं.

"मला काय ठावं? मी कुठं असायची तवा?" द्रौपदा खिडकीबाहेर बघू लागली. मग तशीच बाहेर बघत म्हणाली, "एकदाचं तेवढं म्हाईत हाय. तिनं घरी येऊन सांगितलं म्हणून."

"काय?"

"जाऊ द्या. झालं त्ये झालं."

"द्रौपदा, काय सांगितलं तिनं?"

द्रौपदानं पिशवी पुन्हा मांडीवर नीट घेतली. "जर्मनीचं नोकरीचं पत्र आलं, तवाची गोष्ट. त्याच टायमाला जुन्नरच्या दवाखान्यातबी तिचं काम व्हत व्हतं. तिचा जीव हितंच व्हता. पण तुमाला काय वाटंल, शिकवलं तुमी, म्हणून मग म्हणली, बाबांना इचारते. घरात तुमच्या तोंडाकडं बघून तिला बोलता यायचं न्हाई. म्हणली, गाडीत इचारते, गाडीत बाबा रस्त्याकडं बघत असत्यात, आन् मोठ्यानं बोललं की मान हलवत्यात." ती थांबली. "तिनं इचारलं तुमाला. बाबा, मी गेले तर चालंल का? तुमी न्हाई म्हणा, मी न्हाई जात. असं म्हणली."

"मग?"

"मग काय? तुमी मान हलवली."

गाडी चालतच होती. हनुमंताचे हात स्टिअरिंगवर जिथल्या तिथं होते. त्यातली कोणती संध्याकाळ ती, हे तो आठवू पाहत होता, आणि त्याला आठवेना. सगळ्या संध्याकाळी सारख्याच होत्या. प्रत्येक संध्याकाळी ती बोलली होती, आणि प्रत्येक संध्याकाळी त्यानं मान हलवली होती.

त्याला आठवले ते पेढे. पोरीला जायचंच आहे, असं धरून त्यानं छातीवर दगड ठेवून सगळ्या वस्तीला पेढे वाटले होते. आपल्या पायात तिचा पाय अडकायला नको म्हणून विमानतळावरही तो हसत होता. राहा, एवढा एक शब्द त्याच्या ओठांशी येऊन येऊन मागं गेला होता.

"तू मला कदी बोलली न्हाईस," तो म्हणाला.

"तुमीच जा म्हणलं, आन् मी काय बोलू?" द्रौपदाचा आवाज चिरकला. "घरी आली तवा लई रडली पोर. मी म्हणलं, बाप हाय, त्याला पोरीचं बरं कळतंय. पण मनात राग धरला मी तुमचा. अजूनपतुर व्हता. माझं न्हाई तरी लेकीचं तुमी आयकत असाल, असंच धरलं व्हतं मी. तुमाला आयकूच गेलं नसंल, हे माझ्या डोस्क्यातच आलं न्हाई. आजच्यासारखी गाडी असती तर..."

तिनं वाक्य सोडून दिलं. उसाची पाती वाऱ्यानं एकमेकांवर घासत होती, तेही आज गाडीत ऐकू येत होतं.

पिशवीतला फोन वाजला. द्रौपदानं चाचपडून तो बाहेर काढला, डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून लांब धरून पाहिला.

"तीच हाय." तिनं हनुमंताकडं पाहिलं. "काय करू? घरी गेल्यावर कर म्हणू?"

गाडीत असताना फोन आला तर घरी गेल्यावर कर म्हणायचं, असाच इतकी वर्षं रिवाज होता. फोनवर त्या गाडीत कुणाला काय कळणार?

"उचल," हनुमंत म्हणाला. "मोठ्या आवाजावर लाव."

"आई, पोचलात का घरी?" प्रज्ञाचा आवाज गाडीभर झाला. तिकडं दुपार होती, तिची जेवणाची सुट्टी.

"न्हाई अजून. गाडीत हाय."

"गाडीत?" ती थांबली. "मग आवाज कुठंय? बंद पडली का ओम्नी?"

"चांगली पळतीय," हनुमंत म्हणाला.

"बाबा? तुम्हाला ऐकू येतंय माझं?"

"येतंय."

ती हसली. खरोखरचं, लहानपणासारखं हसली. "नवलच आहे. काय केलंत काय? मला वाटलं, मी येईपर्यंत तो भोंगा तसाच वाजत राहणार."

हनुमंतानं इंडिकेटर दिला. मागं-पुढं कुणीही नव्हतं. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. द्रौपदानं चमकून आधी उसाकडं पाहिलं आणि मग त्याच्याकडं. या रस्त्यावर, या वेळेला, त्यानं आजवर कधी गाडी थांबवली नव्हती.

"प्रज्ञा," तो म्हणाला, "जायच्या आधी तू मला एक इचारलं व्हतंस. गाडीत."

त्यानं तोंड फोनच्या आणखी जवळ नेलं.

"त्ये मला आयकू आलं न्हवतं, बाळा. देवाशप्पथ... आयकूच आलं न्हवतं. मी आपली नुसतीच मान हलवली." त्यानं फोनकडं पाहिलं. त्यावरचा तिचा फोटो पांढऱ्या कपड्यांतला होता, गळ्यात ओळखपत्र. "परत इचार."

फोनमधून भांड्यांचा आवाज आला. कुणीतरी परक्या भाषेत काहीतरी बोललं, एक दार उघडलं आणि लागलं. त्यानंतर काहीच नाही. हनुमंत वाट बघत राहिला. कट झाला की काय म्हणून द्रौपदानं फोन पुन्हा लांब धरून पाहिला, मग कानाला लावला.

"हाय ती," ती हळूच म्हणाली. "लाइनीवरच हाय."